असई आणि तिचा परिसर

देखावे पाहण्यास निघालेला प्रवासी बहुधा उंचीच्या किंवा समुद्राच्या शोधांत असतो. महाबळेश्वरचे कडे, कोंकणचा किनारा, वेरूळ-अजिंठ्याचीं लेणीं हीं त्याचीं ठरलेलीं ठिकाणें. जालना जिल्हा त्याच्या यादींत नसतो. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकींतून त्याला येथें दिसते ती काळी जमीन, कपाशी, ज्वारी, मधूनच बाभळीची रांग आणि उन्हाळ्यांत कोरडे पडलेले नदीनाले. अशा मुलखांत उतरून पाहण्यासारखें काय असावें, असा प्रश्न त्याच्या मनांत येतो, आणि उत्तर मिळण्यापूर्वींच गाडी पुढें गेलेली असते. परंतु ह्याच जिल्ह्याच्या उत्तर भागांत दोन लहान नद्यांच्या मध्यें जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दुपारीं तीनपासून दिवस मावळेपर्यंत त्या पट्टीवर जें घडलें, त्यानें मराठी राज्याच्या भवितव्याचा मोठा भाग ठरवून टाकला. तेथील गांवाचें नांव असई.

महाराष्ट्रांत हें नांव बहुतेकांच्या लेखीं शाळेच्या पुस्तकापुरतें उरलें. स्कॉटलंडांत मात्र तें पलटणींच्या निशाणांवर चढलें आणि पिढ्यान्‌पिढ्या मानानें मिरविलें गेलें. ह्याचें कारण समजण्यासाठीं जालन्यापासून फार दूर, अटलांटिक महासागरांतील एका खडकाळ बेटाकडे वळावें लागतें.

स्कॉटलंडच्या वायव्येस हेब्रिडीज नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील बाहेरच्या ओळींत अगदीं उत्तरेस ल्यूइस हें बेट येतें. झाड म्हणून तेथें क्वचितच दृष्टीस पडतें. मैलोगणती पसरलेली ओलसर दलदल, तिच्यांत आरशाच्या तुकड्यांसारखीं विखुरलेलीं शेंकडों तळीं, टोकाला समुद्राच्या माऱ्यानें फाटलेले कडे, आणि त्या कड्यांच्या पायथ्याशीं अचानक पांढऱ्या वाळूचे किनारे, असें तेथील रूप आहे. बेटाचा पाया ज्या खडकाचा आहे तो पृथ्वीवरील अतिप्राचीन खडकांपैकीं असून त्याचें वय सुमारें तीनशें कोटि वर्षांपर्यंत जातें. त्याच्या मानानें दख्खनचा काळा कातळ बालवयाचा; तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा थर आहे. ल्यूइसच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलनिश येथें सुमारें पांच हजार वर्षांपूर्वीं मनुष्यांनीं उभे केलेले उंच पाषाण वर्तुळाकार मांडलेले आहेत. शतकानुशतकें दलदलीची माती त्यांच्याभोंवतीं चढत गेली होती. १८५७ सालीं बेटाच्या तत्कालीन मालकानें सुमारें पांच फूट जाडीचा तो थर काढविला, तेव्हां त्या पाषाणांची खरी उंची लोकांच्या दृष्टीस पडली. आज जगाच्या कानाकोपऱ्यांतून प्रवासी तेथें जातात. पाषाण पूर्वींहि होतेच. ते पूर्णपणें दिसावेत म्हणून कोणी तरी माती बाजूला करणें मात्र अवश्य होतें.

हें बेट त्या काळीं मॅकेंझी घराण्याच्या सीफर्थ शाखेच्या ताब्यांत होतें. १७९३ सालीं फ्रान्सशीं युद्ध सुरू झालें, तेव्हां ह्या घराण्याचे प्रमुख फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेंझी यांनीं आपल्या मुलखांतून, म्हणजे रॉसशायर परगणा व ल्यूइस बेट यांतून, माणसें गोळा करून ७८ वी हायलंडर पलटण उभारली. जमीनदाराच्या शब्दाला नकार देणें कुळांना कठीण होतें. जमिनीचा तुकडा राखण्यासाठीं घरांतला एक मुलगा पलटणींत जाई. अशा रीतीनें गेलिक भाषा बोलणारीं, मासेमारी आणि तुटपुंजी शेती करणारीं मुलें हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरलीं आणि पुढें केळणा नदीच्या कांठीं येऊन उभीं राहिलीं.

तीं येथें कां आलीं ह्याचें उत्तर पुण्याच्या दरबारांत आहे. ऑक्टोबर १८०२ मध्यें यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसई येथें त्यानें इंग्रजांशीं तह करून तैनाती फौज पत्करली. दौलतराव शिंदे व नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना हा तह मान्य होणें शक्य नव्हतें. होळकर मात्र ह्या वेळीं त्यांच्या बाजूस उभे राहिले नाहींत. १२ ऑगस्ट १८०३ रोजीं अहमदनगरचा किल्ला जनरल आर्थर वेलस्लीच्या हातीं गेला. त्याच महिन्यांत शिंदे-भोसल्यांच्या फौजा अजिंठ्याचा घाट ओलांडून निजामाच्या मुलखांत शिरल्या. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सननें जालन्याचा किल्ला घेतला. २१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची बदनापूर येथें भेट झाली आणि असें ठरलें कीं, मधल्या डोंगरांच्या दोन्ही अंगांनीं दोघांनीं वेगवेगळें जावें व २४ तारखेस एकत्र येऊन भोकरदनजवळच्या मराठी छावणीवर चाल करावी.

२३ तारखेस सुमारें चौदा मैलांची मजल मारून वेलस्ली नळणी येथें पोंचला, तेव्हां त्याला कळलें कीं, शत्रूची छावणी भोकरदनपासून पूर्वेकडे असईपर्यंत पसरली असून तिचें टोंक अवघ्या सहा मैलांवर आहे. स्टीव्हन्सनची वाट पाहावी तर शिंदे निघून जातील, अशी त्याला धास्ती वाटली. प्रत्यक्ष लढाईसाठीं त्याच्याजवळ साडेचार हजारांच्या आसपास शिपाई होते. म्हैसूरचे व पेशव्यांचे घोडेस्वार निराळे होते. त्यांना त्यानें नदीच्या दक्षिणेस राखून ठेविलें. समोर दहा हजारांहून अधिक कवाइती पायदळ, शंभराच्या घरांत तोफा आणि तीसचाळीस हजार घोडेस्वार होते.

येथून पुढची हकीकत समजून घ्यावयाची तर ती जमीनच पाहिली पाहिजे. केळणा नदी भोकरदनकडून पूर्वेकडे वाहते. तिच्या उत्तरेस जुई नदी वाहते, आणि असईच्या पूर्वेस कांहीं अंतरावर दोघींचा संगम होतो. संगमाकडे येतां येतां मधली जमीन निमुळती होत जाते. दोन्ही नद्या रुंदीनें लहान, पण कांठ उभे आणि घळींनीं तुटलेले. तोफगाडे वाटेल तेथून पार नेतां येत नाहींत. मराठी सैन्य केळणेच्या उत्तर तीरावर दक्षिणेकडे तोंड करून उभें होतें. समोरून नदी ओलांडणें म्हणजे तोफांच्या तोंडीं जाणें होतें. वेलस्लीनें पूर्वेच्या बाजूनें वळसा घेण्याचें ठरविलें. वाटाड्यांनीं सांगितलें कीं, त्या बाजूस उतार नाहीं. तेव्हां त्याच्या नजरेस नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर वसलेलीं पिंपळगांव आणि वरूड हीं दोन गांवें आलीं. इतकीं जवळ वसलेलीं गांवें एकमेकांकडे ये-जा केल्यावांचून राहणार नाहींत, आणि ये-जा असेल तर उतार असलाच पाहिजे, असें अनुमान त्यानें केलें. अनुमान खरें निघालें. पाणी भरणाऱ्या बायकांची आणि गुरें नेणाऱ्या गुराख्यांची वाट लष्कराची वाट झाली.

मराठ्यांच्या कवाइती फौजेचें आधिपत्य अँटनी पोलमन ह्या हॅनोव्हरच्या सेनानीकडे होतें. तो एके काळीं कंपनीच्याच फौजेंत सार्जंट होता. त्याच्या पलटणींखेरीज बेगम समरूच्या पलटणी आणि ड्यूपाँ नांवाच्या डच अधिकाऱ्याच्या पलटणी रणांत होत्या. इंग्रजी सैन्य डाव्या बगलेस उतरत आहे हें दिसतांच पोलमननें आपली सारी रांग काटकोनांत फिरवून दोन नद्यांच्या मध्यें आडवी उभी केली. ही हालचाल कवाइतींत मुरलेल्या सैन्यालाच साधण्यासारखी होती. वेलस्लीची तशी अपेक्षा नव्हती. मराठी तोफांचा मारा इतका अचूक झाला कीं, इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल व गोलंदाज पडले आणि तोफा जागच्या जागीं राहिल्या. शेवटीं तोफांवांचूनच पुढें जाऊन संगिनींनीं लढण्याची आज्ञा वेलस्लीला द्यावी लागली.

डाव्या अंगास, केळणेच्या बाजूनें, ७८ वी हायलंडर पलटण आणि तिच्या शेजारीं मद्रासी शिपायांच्या पलटणी चालून गेल्या व त्यांनीं समोरच्या तोफा घेतल्या. उजव्या अंगास मात्र चूक झाली. तेथील तुकडी हुकूम नीट न समजल्यामुळें भलतीच उजवीकडे, थेट असई गांवाच्या रोंखानें गेली आणि तिच्यामागून ७४ वी हायलंडर पलटण गेली. गांवांत आणि गांवाभोंवतीं तोफा व पायदळ दाटलेलें होतें. त्या माऱ्याखालीं ७४ व्या पलटणीचे निम्म्याहून अधिक लोक पडले. अधिकाऱ्यांपैकीं तर जवळ जवळ सगळेच ठार किंवा जखमी झाले. मॅक्सवेलच्या घोडदळानें धांव घेतली म्हणून उरलेले वांचले. पुढें त्याच दिवशीं मॅक्सवेलहि ठार झाला.

ह्याच वेळीं असईच्या रणांतील सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट घडली. ज्या मराठी गोलंदाजांच्या रांगेवरून शत्रु पुढें निघून गेला होता, त्यांच्यापैकीं कित्येक जण मेल्याचें सोंग घेऊन तोफांखालीं पडून राहिले होते. ते उठले, त्यांनीं तोफा उलट फिरविल्या आणि विजयी पलटणींवर पाठीमागून मारा सुरू केला. वेलस्लीला ७८ वी पलटण आणि एक देशी रिसाला घेऊन परत फिरावें लागलें व त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. ह्या लढाईंत त्याच्याखालचा एक घोडा ठार झाला व दुसऱ्याला भाला लागला. दिवस मावळतांना मराठी पायदळ जुई नदीपलीकडे हटलें आणि ९८ तोफा मैदानावर राहिल्या. इंग्रजांकडील ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता, मिळून १,५८४ लोक कामास आले. म्हणजे लढलेल्या सैन्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग. त्या रात्रीं पाठलाग करण्याचें त्राण कोणांतच उरलें नव्हतें. पुढें वॉटर्लूच्या विजयानें युरोपभर कीर्ति मिळविलेल्या ह्याच सेनापतीनें, आपल्या हातून रणांत झालेली सर्वांत उत्तम कामगिरी म्हणून असईचें नांव घेतल्याचें प्रसिद्ध आहे.

मराठ्यांचा हा पराभव पाहतांना एक प्रश्न टाळतां येत नाहीं. सैन्य भरपूर, तोफा उत्तम, गोलंदाज मरेपर्यंत जागा न सोडणारे. मग उणें काय पडलें? उत्तर रणावरच्या शिपायाकडे बोट दाखवीत नाहीं. हजारों घोडेस्वारांपैकीं थोड्याच लोकांनीं निर्णायक वेळीं भाग घेतला. बाकीचे दूर उभे राहिले. सरदारांचा एकमेकांवर आणि पगारी परदेशी अधिकाऱ्यांवर पुरता विश्वास नव्हता. शिंद्यांच्या नोकरींतील ब्रिटिश अधिकारी गव्हर्नर-जनरलच्या जाहीरनाम्यानंतर लढाईपूर्वींच निघून गेले होते. कवाइतीच्या फौजा उसन्या विद्येवर उभारल्या होत्या. शिपाई ती विद्या शिकला, परंतु त्याला आज्ञा देणारा वर्ग देशांत निर्माण झाला नाहीं. त्याच सालीं अडगांव आणि गाविलगड येथें पुढचे पराभव झाले. १७ डिसेंबर १८०३ रोजीं देवगांव येथें भोसल्यांनीं आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगांव येथें शिंद्यांनीं तह केले.

असईच्या स्मृतीचें पुढें काय झालें हेंहि पाहण्यासारखें आहे. ७४ व्या व ७८ व्या पलटणींना मानाचीं निशाणें मिळालीं आणि हत्तीच्या चित्राखालीं ‘असई’ हें नांव त्यांच्या बिरुदांत आलें. मद्रासी पलटणींनाहि तो मान मिळाला, आणि स्वतंत्र भारताच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर तो असईचा हत्ती आजहि आहे. वेलस्लीसोबत त्या दिवशीं रणांत हिंडणारा तरुण स्कॉटिश मुत्सद्दी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुढें मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याचें नांव एका महाविद्यालयानें घरोघरीं पोंचविलें. ल्यूइसच्या स्टॉर्नोवे बंदरांत जन्मलेला कॉलिन मॅकेंझी असईपूर्वींच निजामाच्या मुलखाची मोजणी करून गेला होता. तो १८१५ सालीं हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेयर-जनरल झाला, आणि त्यानें गोळा केलेल्या आठ हजारांहून अधिक शिलालेखांच्या नकला व असंख्य हस्तलिखितें दक्षिणेच्या इतिहासाचें मोठें साधन ठरलीं. ज्या बेटानें हीं माणसें दिलीं, तेथें मेलेल्याचें नांव विसरलें जात नाहीं. १ जानेवारी १९१९ रोजीं महायुद्धावरून घरीं परतणारे २०१ खलाशी ‘आयोलेअर’ जहाज फुटून स्टॉर्नोवेच्या अगदीं तोंडाशीं बुडाले. त्यांतील प्रत्येकाचें गांव आणि नांव बेटावर आजहि सांगितलें जातें. असईच्या तोफांखालीं पडून राहिलेल्या आणि पुन्हां उठलेल्या गोलंदाजांपैकीं कितीकांचीं नांवें महाराष्ट्राला सांगतां येतील?

असईला जाणाऱ्यानें भोकरदन टाळूं नये. आज तालुक्याचें हें गांव प्राचीन काळीं भोगवर्धन नांवाचें व्यापारी नगर होतें. सांचीच्या स्तूपावरील शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्यें भोगवर्धनच्या लोकांचा उल्लेख आहे. १९७३ सालीं येथें उत्खनन झालें आणि सातवाहनकाळाचे अवशेष मिळाले. त्यांत हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा भाग होता. इटलींतील पाँपी शहर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. त्या राखेंतून १९३८ सालीं निघालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशीं भोकरदनच्या तुकड्याचें निकट साम्य आहे. ल्यूइसच्या वाळूंतहि १८३१ च्या सुमारास दंताचाच ठेवा सांपडला. वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेलीं बाराव्या शतकांतील बुद्धिबळाचीं मोहरीं. बुद्धिबळ हा मूळचा हिंदुस्थानचा खेळ. तो अरबांच्या व युरोपच्या वाटेनें त्या टोंकाच्या बेटापर्यंत गेला, आणि भोगवर्धनच्या काळीं दख्खनचें कोरीव काम रोमन बाजारांत गेलें. केळणेचा हा कांठ जगाच्या वाटेवर फार पूर्वींपासून होता.

भोकरदनच्या उत्तरेस अन्वा येथें बाराव्या शतकाच्या सुमाराचें दगडी मंदिर आहे. आज तेथें महादेवाची पूजा होते, परंतु बाहेरच्या भिंतींवरील मूर्तींवरून तें मूळचें विष्णूचें असल्याचें दिसतें. तेथून पुढें अजिंठ्याचा डोंगर लागतो. असईच्या जखमी गोऱ्या शिपायांना अजिंठा गांवीं नेऊन तेथें इस्पितळ घातलें होतें. तेथून जवळच, वाघूर नदीच्या दरींत, जगाला अद्याप अपरिचित अशीं चित्रें अंधारांत होतीं. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस तीं लेणीं पडलीं ती गोष्ट १८१९ ची, म्हणजे असईनंतर सोळा वर्षांची. दक्षिणेस परत येतांना जालना शहर लागतें. १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवछत्रपतींनीं हीच मोंगली बाजारपेठ लुटली होती. कुंडलिका नदीच्या कांठचें हें शहर, तेथील मस्तगड आणि मोती तलाव पाहून घनसावंगी तालुक्यांतील जांब ह्या समर्थ रामदासांच्या जन्मगांवीं जातां येतें.

१ मे १९८१ रोजीं स्वतंत्र झालेल्या ह्या जिल्ह्यांत पाहण्याजोगें जें आहे, तें बहुतांशीं जमिनीच्या पातळीवर आहे. त्यासाठीं प्रवाशानें पावसाळ्याच्या शेवटीं, सप्टेंबरांत, जावें. तेव्हां नद्यांना पाणी असतें, शेतें उभीं असतात आणि त्या दिवशींच्या सैन्यांनीं जो मुलूख पाहिला त्याच्या बराच जवळचा देखावा डोळ्यांपुढें येतो. केळणेच्या कांठावर उभें राहिलें म्हणजे पलीकडचें गांव दिसतें, दोन गांवांमधली पायवाट दिसते, आणि एका अनुमानावर केवढा इतिहास फिरला हें पुस्तकापेक्षां लवकर कळतें. तेथून जुई नदीकडे चालत जातांना मधल्या माळावर क्षणभर थांबावें. पांच फूट माती काढल्यावर कॅलनिशचे पाषाण उंच झाले. ह्या माळावर लढलेल्या गोलंदाजांची उंची दिसण्यास विस्मृतीचा तेवढाच थर दूर करावा लागेल, आणि तें काम मुख्यतः मराठी घरांचें आहे.